गाठ बोराएवढी, मग अख्खा स्तन का जातो?

आमच्या एका वहिनीच्या छातीत चार वर्षांपूर्वी गाठ निघाली. पवनारच्याच आहेत. वय बावन्न, दोन एकर वावर, दोन मुले, दारात एक म्हैस. आंघोळ करताना गाठ हाताला लागली. बोराएवढी. दुखत नव्हती म्हणून महिनाभर कुणाला सांगितले नाही. न दुखणारी गाठ वाईट नसते असा त्यांचा समज, आणि तो एकट्या त्यांचाच नाही. मग सुनेला सांगितले, सुनेने मुलाला, मुलाने बापाला, आणि घरचे सगळे त्यांना घेऊन मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात गेले. आठ दिवसांत तपासण्या आटोपल्या, बाराव्या दिवशी ऑपरेशन झाले. डावा स्तन संपूर्ण काढला. कागदावर सही भाऊंनी केली.

वहिनी आज बऱ्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. गेल्या हंगामात त्यांनी कपाशी वेचली. पण मधे एकदा तपासणीला गेल्या असताना रांगेत हिंगणघाटकडची एक बाई त्यांच्या शेजारी बसली होती. तिचीही गाठ तेवढीच, तिचेही वय तेवढेच. तिची फक्त गाठ काढली होती, नंतर तीन आठवडे शेक दिले होते. छाती जिथल्या तिथे. वहिनी घरी आल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. "तिले वेगळं अन् मले वेगळं, असं काहून बाई?" म्हणाल्या. "मले तं कोनी इचारलंच नाही."

मी त्यांचे कागद ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. गाठ १.८ सेंटिमीटर, काखेतल्या गाठींत रोग नाही. ते म्हणाले, "दोन्ही करता आलं असतं." ज्यांनी ऑपरेशन केले त्यांनी काही चुकीचे केले असे ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. स्तन काढणे हा उपचार योग्यच आहे. पण दुसरा तितकाच योग्य उपचार होता आणि तो आहे हे जिच्या अंगावर सुरी चालणार होती तिला कळले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा विषय या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. गाईच्या कासेला दगडी झाली तर याच पानावर चार-चार रकाने येतात आणि ते यायलाच हवेत. कास वाचवावी कशी, सड निकामी होऊ नये म्हणून काय करावे, हे आपण मोठ्या आस्थेने वाचतो. बाईच्या बाबतीत मात्र शब्द उच्चारायलाच चोरी. "छातीत काहीतरी आहे" एवढ्यावर बोलणे थांबते, आणि बोलणे थांबले की विचारणेही थांबते.

आपल्याकडे अजून पुष्कळांची समजूत अशी की कॅन्सर म्हटला की जेवढे जास्त कापाल तेवढे बरे. ही समजूत अडाण्यांची नव्हे. जवळजवळ शंभर वर्षे जगातल्या मोठमोठ्या शल्यचिकित्सकांचीही तीच होती. अमेरिकेतील हालस्टेड नावाच्या डॉक्टरांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी काढीत. बाई वाचलीच तर फासळ्यांवर नुसती कातडी उरे आणि हात वर होत नसे. त्या काळी बायका येतही फार उशिरा, गाठी मोठ्या असत. त्यामुळे त्या काळच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. चूक अशी की पुढे बायका लवकर येऊ लागल्या, गाठी लहान सापडू लागल्या, तरी शस्त्रक्रिया तेवढीच मोठी राहिली.

त्या रिवाजाला दोघांनी हात घातला. इटलीत मिलान शहरी उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर अभ्यास केला. गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. निम्म्या स्त्रियांची जुनी मोठी शस्त्रक्रिया, निम्म्यांचा स्तनाचा फक्त तेवढा भाग आणि काखेतल्या गाठी काढून वर किरणोपचार. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या १८५१ स्त्रियांचे तीन गट केले. एकाचा स्तन काढला, दुसऱ्याची नुसती गाठ काढली, तिसऱ्याची गाठ काढून किरण दिले. कुणाला काय मिळावे हे डॉक्टरने ठरवले नाही, चिठ्ठी टाकावी तसे ठरले. नाहीतर बऱ्या दिसणाऱ्या बायका एकीकडे आणि जास्त आजारी दुसरीकडे असे झाले असते आणि तुलना फुकट गेली असती.

वीस वर्षे थांबून दोघांचे निष्कर्ष ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. स्तन काढलेल्या आणि राखलेल्या स्त्रियांच्या जगण्यात फरक नव्हता. वीस वर्षांनंतरही नव्हता. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीत. फिशर यांच्या अभ्यासात नुसती गाठ काढून किरण न घेतलेल्या शंभरांतल्या एकोणचाळीस जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला. ज्यांनी किरण घेतले त्यांच्यात हे प्रमाण शंभरात चौदा. म्हणजे स्तन राखायचा तर गाठ काढून भागत नाही, पुढचे शेक पुरते घ्यावे लागतात. हा एक आकडा आपल्या भागातल्या बायकांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि पुढचे सगळे त्याच्याभोवती आहे.

हे गोऱ्या बायकांचे झाले, आपल्याकडे काय, असा प्रश्न येतोच. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८० पासून स्तन राखून उपचार सुरू आहेत. डॉ. केतायून दिनशा या तिथल्या किरणोपचार तज्ज्ञ, पुढे संचालकही झाल्या. १९८० ते २००० या वीस वर्षांत सुरुवातीच्या अवस्थेत आलेल्या आणि अशा रीतीने उपचार झालेल्या १०२२ भारतीय स्त्रियांचा हिशेब त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. पाच वर्षांनंतर शंभरात ८७ जणी हयात होत्या, दहा वर्षांनंतर ७७. तेव्हा ही काही कालपरवाची नवलाई नाही. आमच्या वहिनींची गाठ निघाली तोवर या राज्यात हा उपचार चाळीस वर्षांचा झाला होता. मुंबईहून पवनारला यायला त्याला एवढा वेळ लागावा हे आश्चर्यच.

आता हेही खरे की प्रत्येकीचा स्तन राखता येत नाही, आणि कुणी तसे सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, एकाच स्तनात निरनिराळ्या ठिकाणी रोग असेल, कातडी सुजून लाल झाली असेल, छातीवर पूर्वी कधी किरण दिलेले असतील, तर काढणेच बरे. बाई पोटुशी असेल तर किरण देता येत नाहीत, तिथे वेगळा विचार करावा लागतो. काही वेळा आधी केमो देऊन गाठ बारीक करतात आणि मग राखणे जमते. काखेतल्या गाठी तर स्तन राखला तरी तपासाव्याच लागतात. पुढे दरवर्षी राखलेल्या स्तनाचा फोटो काढून घ्यावा लागतो. त्यात पुन्हा रोग दिसलाच तर तेव्हा स्तन काढता येतो, तो मार्ग बंद होत नाही.

मग सुरुवातीला आलेल्या बाईचासुद्धा स्तन का जातो? याची उत्तरे ऑपरेशन थिएटरात सापडत नाहीत, एस.टी. स्टँडवर सापडतात.

पूर्वी किरण पाच आठवडे देत. आठवड्याचे पाच दिवस, एकूण पंचवीस खेपा. प्रत्येक खेपेला यंत्राखाली पडून राहायचे पाच-दहा मिनिटे, आणि त्यासाठी दिवस जायचा सगळा. भामरागडच्या किंवा धारणीच्या बाईने हे करायचे कसे? तिने नागपुरात राहायचे कुठे, खायचे काय, लेकरे कुणाकडे ठेवायची? बाई गाठ काढून घरी जाईल आणि शेकाला येणारच नाही, ही भीती शल्यचिकित्सकाला असते. ती भीती खोटी नाही. अर्धवट उपचारापेक्षा काढलेला बरा, असा हिशेब तो मनातल्या मनात करतो. माझी तक्रार त्या हिशेबाबद्दल नाही. तो हिशेब बाईसमोर मोठ्याने केला जात नाही, याबद्दल आहे. "तुम्ही तीन आठवडे रोज येऊ शकाल का?" एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

आणि पवनारपुरते बोलायचे तर तोही हिशेब लागू पडत नाही. आमच्या गावाहून वर्धा आठ-दहा किलोमीटर. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले ते खेड्यातल्या माणसासाठीच, आणि तिथे किरणोपचार विभाग आहे. सावंगीलाही सोय आहे. नागपूरकडे तोंड केले तर याच रस्त्यावर जामठ्याला कॅन्सरचे मोठे रुग्णालय झाले आहे आणि शहरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय कितीतरी वर्षांपासून आहे. सकाळची भाकर थापून गेलेली बाई दुपारी घरी येऊ शकते, इतके हे जवळ. साऱ्या विदर्भात असे भाग्य फार थोड्या गावांना असेल. तरी आमच्या वहिनी मोठ्या शहरात गेल्या, कारण मोठा रोग म्हणजे मोठे शहर असे सगळ्यांच्याच डोक्यात बसले आहे.

दुसरे असे की शेकाचे दिवसही आता पूर्वीइतके राहिलेले नाहीत. कॅनडा आणि ब्रिटनमधील अभ्यासांनंतर पंचवीसऐवजी पंधरा-सोळा खेपांत, म्हणजे तीनेक आठवड्यांत, तितकाच चांगला परिणाम मिळतो हे सिद्ध झाले आणि आज तीच रीत रूढ आहे. २०२० साली ब्रिटनमधील चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात तर एका आठवड्यात पाच खेपा देऊनही पाच वर्षांपर्यंत तोच गुण आला. हे सगळ्यांना लागू नाही, कुणाला गाठीच्या जागी आणखी काही जास्तीचे शेक लागतात, ते डॉक्टरच ठरवतील. पण पाच आठवड्यांचे तीन झाले आणि काहींचे एकावर येऊ घातले, ही बातमी शेतात राबणाऱ्या बाईसाठी कोणत्याही नव्या औषधापेक्षा मोठी आहे. कपाशीची पहिली वेचणी थांबवता येत नाही. पंधरा दिवसांच्या खेपा मात्र दोन वेचण्यांच्या मधे बसवता येतात. हे आपल्या बाईला सांगायला हवे आणि डॉक्टरांनाही तिच्याकडून ऐकायला हवे.

"काढून टाकलं की शेकाची कटकट नाही" असेही ऐकू येते. तेही पुरते खरे नाही. गाठ मोठी असली किंवा काखेत रोग सापडला तर स्तन काढल्यावरही शेक घ्यावे लागतात. अशा बायका आमच्या पाहण्यात आहेत ज्यांनी कटकट टाळायची म्हणून स्तन दिला आणि मग शेकाच्या खेपाही घातल्या.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, किरण येतात. फक्त रेशन कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या आमच्या निम्म्या बायांचे ते जुळत नाही आणि रोग कळल्यावर नवरा तहसीलच्या चकरा मारत बसतो. हे काम आधीच करून ठेवण्यासारखे आहे. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, कॅन्सरच्या रुग्णाला वेगळी सवलत आहे. खरा खर्च दिसत नाही तो मजुरीचा. बाईची बुडते, सोबत जाणाऱ्याचीही बुडते. त्याला कोणतीही योजना नाही.

पण हे सगळे केव्हा? गाठ बोराएवढी असताना. लिंबाएवढी होऊन कातडीला खेचू लागली की हा लेख निरुपयोगी. केंद्र शासनाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांची छाती कॅन्सरसाठी एकदा तरी तपासली गेली त्यांचे प्रमाण देशात ०.९ टक्के. हजारात नऊ. शासनाचा कार्यक्रम तर असा आहे की तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची तपासणी व्हावी, आशाताईने घरी येऊन फॉर्म भरावा, उपकेंद्रात नर्सबाईने हाताने तपासावे. फॉर्म भरले जातात. आशाताईच्या डोक्यावर इतकी रजिस्टरे आहेत की तिला दोष देणे पाप ठरेल.

हाताने तपासून काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचेच उदाहरण आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांची छाती हाताने तपासत आणि लक्षणे समजावून सांगत. यंत्र नाही, वीज नाही, मोठा डॉक्टर नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासणी न झालेल्या वस्त्यांत शंभरातल्या ४७ रुग्ण पुढच्या अवस्थेत सापडल्या, तपासणीच्या वस्त्यांत ३७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत असा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मुंबईच्या झोपडपट्टीत जे जमले ते पवनारच्या उपकेंद्रात न जमण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आणखी एक. गाठ सापडली की गावाजवळच्या दवाखान्यात "लहानशी तर आहे, चिरा मारून काढून टाकू" असे कुणी म्हणाले तर थांबावे. आधी सुईने तुकडा काढून तपासणी झाली पाहिजे. सुई लावली की कॅन्सर पसरतो हा निव्वळ भ्रम. उलट न तपासता घाईने काढलेली गाठ अर्धवट निघते, कडा राहून जातात, पुढच्या डॉक्टरला नेमके कुठे काय होते ते कळत नाही आणि जो स्तन राखता आला असता तो त्यामुळेच काढावा लागतो.

आता वहिनींकडे परत येते. ऑपरेशननंतरची एक गोष्ट कुणी सांगत नाही. पोलक्याची एक बाजू रिकामी राहते. शहरात त्यासाठी तयार वस्तू मिळतात. वहिनींनी आपल्याच वावरातला कापूस घेतला, सरकी काढली, जुन्या धोतराच्या कापडात शिवून पोलक्याच्या आत खिसा केला. पण कापूस हलका. हात वर केला की पोलके त्या बाजूने वर सरकते. मग त्यांनी त्यात मूठभर ज्वारी घातली. पावसाळ्यात ज्वारीला कीड लागली तेव्हा हसत हसत मला सांगत होत्या, पण बोलताना पदर सारखा सारखा करीत होत्या. नदीवर धुणे धुवायला त्या आता जात नाहीत. धामच्या काठी बायकांची जी मैफल जमते ती त्यांनी चार वर्षांपासून सोडली आहे.

"या वयात काय करायचं हाय?" हे वाक्य त्यांच्याबद्दल रुग्णालयाच्या व्हरांड्यात बोलले गेले, आमच्याच माणसांकडून. बावन्न वर्षांच्या बाईला, लेकरे मोठी झालेल्या बाईला, विधवेला छातीची गरज काय, असा त्याचा अर्थ. पुरुषाच्या बाबतीत अवयवाचा उपयोग संपला म्हणून तो काढायचा असे कुणी सुचवल्याचे मी ऐकलेले नाही. लग्न न झालेल्या पोरीच्या बाबतीत याच्या उलट टोक. तिला गाठ निघाली तर ती लपवतात, कारण सोयरीक मोडेल. म्हातारीचा स्तन नको म्हणून जातो आणि तरुणीचा लपवल्यामुळे जातो.

आमच्या पवनारला तरी हे शोभत नाही. नदीच्या त्या बाजूला विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथला सारा कारभार बहिणींच्या हाती, आणि निर्णय सर्वसहमतीने. एकीचे जरी मत वेगळे असले तरी थांबायचे, ऐकायचे, अशी तिथली रीत. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी त्याच परिसरात अन्न, पाणी आणि औषध सोडले. डॉक्टरांनी विनवले. पण देह त्यांचा, निर्णय त्यांचा, हे सगळ्यांनी मान्य केले, आणि १५ नोव्हेंबरला ते गेले. कुणी यातून औषध सोडण्याचा अर्थ काढू नये. ते विनोबा होते, आपण साधी माणसे, आपण औषध घ्यावे, वेळेवर घ्यावे आणि पुरते घ्यावे. मला एवढेच म्हणायचे आहे की देहाबद्दलचा शेवटचा शब्द ज्याचा त्याचा, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. मग बाईच्या देहाबद्दल सही भाऊंची कशी?

वहिनींना विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या? मी त्यांना हे विचारले. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काढूनच टाका म्हटलं असतं कदाचित. भेवच तेवढं वाटत होतं. पण म्या म्हटलं असतं ना." पुष्कळ बायका खरोखरच तसे म्हणतात. शेकाची धास्ती असते, पुन्हा होईल ही भीती असते, एकदाचे संपू दे असे वाटते. सगळे समजून घेऊन कुणी असे ठरवले तर त्यात वावगे काही नाही, डॉक्टरांनी तिला आग्रह करू नये.

म्हणून मागणे फार नाही. ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी शल्यचिकित्सक आणि किरणोपचाराचे डॉक्टर या दोघांशी बाईची भेट व्हावी, आणि ती एकाच दिवशी व्हावी, कारण दुसऱ्या खेपेला ती येईलच असे नाही. तिला मराठीत एक पानभर कागद द्यावा: गाठ केवढी, राखता येईल का, येत नसेल तर का नाही, येत असेल तर शेक किती दिवसांचे. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. सही तिची घ्यावी, अंगठा असेल तर अंगठा. मोठ्या रुग्णालयांत हे होत असेलही, पण सगळीकडे होत नाही हे वहिनींच्या कागदांवरून दिसते. आणि घरच्यांनी, विशेषतः आमच्या भाऊंसारख्या भल्या माणसांनी, डॉक्टरांच्या खोलीत बाईला पुढच्या खुर्चीवर बसवावे. बहुतेक वेळा ती दाराशी उभी असते.

गावाच्या हातातले काम वेगळे आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते, आमच्याकडेही तिला पंधरा-वीस बायका येतात आणि नळाच्या पाण्यावर बोलून उठतात. पाण्यावर बोलूच. पण त्याच दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाईंना बोलवावे आणि शेजारच्या खोलीत पडदा लावून तपासणी करून घ्यावी. ज्या घरातली बाई शेकाला जाते तिच्या वावरातली वेचणी शेजारणींनी सावड म्हणून करावी, आपल्याकडे लग्नाच्या पापडांना जमतात तशा. सेवाग्रामला जाणाऱ्या रुग्णांसाठी सकाळचा एक ऑटो ठरवणे ग्रामपंचायतीला जड नाही. ज्या बायकांच्या कार्डावरची नावे जुळत नाहीत त्यांची यादी तलाठी कार्यालयाजवळच्या सेतू केंद्रात एका दिवसात होऊ शकते.

सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि पाठोपाठ कपाशी. एकदा बायका वावरात गेल्या की संक्रांतीपर्यंत त्यांना स्वतःकडे पाहायला सवड नसते. सभा घ्यायची तर पोळ्यानंतरचा आठवडा बरा. मी सरपंचांना तसे कळवले आहे. नर्सबाईंशी वहिनी बोलणार आहेत.